हिवाळ्यातली सायकल आणि घरातला पाना : वाचकांचे प्रश्न

दिवाळी संपून गावोगाव शेकोट्या पेटू लागल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील पारा एक आकडी झाल्याची बातमी छापून येते आणि त्यानंतर सायकलीची प्रत्येक तक्रार थंडीच्या खात्यावर टाकली जाते. या वेळची पत्रे वाचताना मात्र असे दिसले, की थंडीने अडलेली सायकल त्यांत एकच आहे आणि तीही खरे तर तेलाने अडलेली आहे. बाकीच्यांच्या मुळाशी काटे, दव, अंधार आणि ढिले नट आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सेलू तालुक्यातील एका खेड्यातून रोज पहाटे दुधाचे दोन कॅन लावून सात किलोमीटरवर रतीब घालायला सायकलीने जातो. सायकल जुनी, अठ्ठावीस इंची आहे. दिवाळीच्या आधी मी ती स्वतः धुऊन पुसली आणि घरातले तेल चेनला व मागच्या फ्रीव्हीलला सोडले. आता महिनाभरापासून पहाटे निघताना पायडल मोकळेच फिरते, चाक ओढले जात नाही. पाच-दहा वेळा मागेपुढे केले की एकदम धरते आणि चढावर कधीकधी पुन्हा सुटते. दुपारी परत येताना काहीच त्रास नसतो. कारागीर फ्रीव्हील बदला म्हणतात. थंडीने फ्रीव्हील खराब होते का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य 'दुपारी काहीच त्रास नसतो' हे आहे. मोडलेली वस्तू ऊन पडल्यावर दुरुस्त होत नसते, त्यामुळे आपले फ्रीव्हील मोडलेले नसावे असे पत्र वाचतानाच वाटले. कोणते तेल सोडले ते आपण लिहिले नव्हते, म्हणून फोन करून विचारले तेव्हा 'खोबरेल' असे उत्तर मिळाले आणि कोडे सुटले. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. बाटलीतले तेल थिजले म्हणून ती चुलीपाशी नेऊन ठेवणारे आपण सगळेच, तेच तेल चाकाच्या पोटात गेल्यावर काय करील याचा विचार मात्र करत नाही.

फ्रीव्हीलच्या आत काय असते ते एकदा समजून घेतले, तर पुढचे सगळे सोपे होईल. बाहेर दाते असलेली कडी असते, आत हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी घट्ट बसलेला गाभा असतो आणि दोहोंच्या मध्ये छर्ऱ्यांच्या रांगा असतात. गाभ्याच्या खाचांत दोन लहान खटके बसवलेले असतात, ज्यांना बरेच कारागीर 'कुत्ते' म्हणतात, आणि ते एका अगदी बारीक स्प्रिंगच्या जोरावर उभे राहतात. पायडल पुढे मारले की हे खटके कडीच्या आतील दात्यांत अडकून चाक ओढतात. पायडल थांबवले की तेच दात्यांवरून घसरत जातात, आणि उतारावर ऐकू येणारी टिकटिक ती हीच. स्प्रिंगचा जोर फक्त खटका उचलण्यापुरता असतो. मेणासारख्या थिजलेल्या तेलात रुतून बसलेला खटका तिला उचलवत नाही. पहाटे सायकल स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवून पाहा. टिकटिक दबलेली किंवा अजिबात नसेल आणि दुपारी तीच खणखणीत ऐकू येत असेल, तर आमचे निदान बरोबर आहे असे समजावे. मात्र हे काम पुढे ढकलू नये, कारण दोन भरलेले कॅन घेऊन चढावर उभे राहून जोर लावत असताना खटका सुटला, तर माणूस दूध आणि सायकल या दोहोंसह रस्त्यावर येतो.

उपाय घरी करता येतो. चेन मागच्या दात्यांवरून उतरवावी आणि सायकल फ्रीव्हील वर येईल अशी आडवी निजवावी. कडी हाताने उलटी फिरवली, तर फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामध्ये केसाएवढी गोल फट दिसेल. त्या फटीत पिचकारीने किंवा औषधाच्या ड्रॉपरने रॉकेल थेंबथेंब सोडत कडी सारखी उलटी फिरवत राहावे. रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही; वाटीभर डिझेलनेही हे काम होते. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, टायरवर थेंब पडू देऊ नयेत, आणि हे सगळे शेकोटीपासून व चुलीपासून दूर करावे. सुरुवातीला खालून काळपट, चिकट पाणी उतरेल. ते स्वच्छ उतरू लागले आणि टिकटिक मोकळी ऐकू येऊ लागली, की सायकल रात्रभर तशीच निथळू द्यावी. सकाळी शिलाई मशिनीच्या तेलाचे आठ-दहा थेंब त्याच फटीत सोडावेत, कडी फिरवावी आणि बाहेर आलेले तेल पुसून टाकावे. एवढे करूनही खटका सुटत राहिला, तर स्प्रिंग तुटली आहे किंवा खटका झिजला आहे. मग फ्रीव्हील बदलणेच शहाणपणाचे. कारागिरांनी थेट बदला म्हटले यात लबाडी शोधू नये. आपण दुपारी सायकल दाखवायला नेली असणार, तेव्हा दोष दिसला नसणार आणि त्यांना आपल्या वर्णनावरूनच मत द्यावे लागले असणार.

तेलाविषयी आणखी थोडे लिहिणे भाग आहे, कारण मराठवाड्यात सायकलीला घरातले तेल घालण्याची सवय फार जुनी आहे. खोबरेलाचे काय होते ते आपण पाहिले. करडईचे तेल थंडीत गोठत नाही, पण त्याचा दोष वेगळा आहे : पातळ थरात हवेशी संयोग होऊन ते हळूहळू चिकट होते आणि शेवटी त्याचा पापुद्रा धरतो. जवसाच्या तेलाचा हा गुण तर इतका ठळक आहे की ते रंग आणि रोगणासाठी वापरले जाते. जे तेल रंगात चांगले, ते चेनमध्ये वाईट. गाडीचे काढलेले काळे ऑईल फुकट मिळते म्हणून अनेक जण वापरतात. त्यात इंजिनातील झिजलेल्या धातूचा कीस असतो, म्हणजे आपण तेलाच्या नावाखाली चेनला पॉलिश पेपरच घासत असतो. शिलाई मशिनीचे तेल पातळ आणि स्वच्छ असते. ते लवकर उडते, त्यामुळे आठवड्याला द्यावे लागते, पण आपल्या धुळीत तोच त्याचा गुण म्हणायचा, कारण जाड तेलावर काळ्या मातीचा जसा थर बसतो तसा त्याच्यावर बसत नाही. चेनच्या प्रत्येक कडीच्या सांध्यावर एक थेंब, दोन मिनिटे उलटे पायडल आणि नंतर कोरड्या फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसणे, एवढेच पुरते. हाताला काळे लागेल इतके तेल चेनवर दिसत असेल, तर ते जास्त झाले आहे.

प्रश्न : मी अंबाजोगाईला महाविद्यालयात शिकतो. गेल्या आठवड्यात माझी सायकल तीन वेळा पंक्चर झाली. नवी ट्यूब टाकली तर तीही दुसऱ्या दिवशी बसली. थंडीने रबर कडक होऊन फुटते असे मित्र सांगतात. शिवाय दुपारी भरलेली हवा पहाटे कमी वाटते. तीही गळतीच समजावी का?

उत्तर : आपल्याकडच्या थंडीत ट्यूब कडक होऊन फुटत नाही, त्यासाठी फार वेगळी थंडी लागते. आपला शत्रू बहुधा सराटा आहे. पावसाळ्यात जमिनीलगत पसरणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या या वेलीची फळे हिवाळ्यात वाळतात, प्रत्येक फळाच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला टणक काटे असतात. फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. त्यात ज्वारी-हरभऱ्याच्या रानाला कुंपण घालण्यासाठी बाभळीच्या फांद्या याच दिवसांत रस्त्यावरून ओढत नेल्या जातात आणि त्यांचे तुटलेले काटे धुळीत पडून राहतात.

नवी ट्यूब दुसऱ्या दिवशी बसली, याचा अर्थ काटा टायरमध्येच राहिला आहे. तो शोधण्याची एक शिस्त आहे. ट्यूब बाहेर काढण्यापूर्वी तिचा वॉल टायरवरील छापील नावाच्या कोणत्या अक्षरापाशी होता, ते खडूने टिपून ठेवावे. मग ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवावी, बुडबुडा दिसला की छिद्र वॉलपासून किती वितींवर आहे ते मोजावे आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, आतून पाहावे. आतून बोट फिरवू नये. कापसाचा बोळा फिरवावा. काट्याचे टोक बोटाला सापडण्याआधी कापसाला सापडते आणि तंतू तिथेच अडकतात. सराट्याचे टोक कित्येकदा मोडून टायरच्या रबरात एवढे खोल बसते, की बाहेरून काहीच दिसत नाही आणि टायर हाताने उलटा वाकवल्यावरच ते डोके वर काढते. चिमट्याने किंवा नखे कापण्याच्या साधनाने ते उपसावे.

छिद्र पाहूनही पुष्कळ कळते. ते जमिनीकडच्या बाजूला असेल तर काटा. रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरील पट्टी सरकून एखाद्या स्पोकचे टोक ट्यूबला टोचते आहे. आणि शेजारीशेजारी दोन लांबट चिरा असतील तर हवा कमी असताना सायकल खड्ड्यात आदळून ट्यूब रिमच्या कडेत चिमटली आहे. तिसऱ्या प्रकारात काटा शोधत बसण्यात अर्थ नाही, हवा वाढवावी.

ठिगळ लावताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घाई. ट्यूब पॉलिश पेपरने रुपयापेक्षा मोठ्या जागेत खरबरीत करावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि मग थांबावे. सोल्युशनमधला द्रव उडून गेल्याशिवाय ठिगळ धरत नाही, आणि थंड पहाटे तो उडायला दुपारपेक्षा जास्त वेळ लागतो. पाच मिनिटे तरी जाऊ द्यावीत, बोटाच्या पाठीने कडेला स्पर्श केला असता ओलसर लागू नये. त्यानंतर ठिगळ बसवून पान्याच्या दांड्याने मधून कडेकडे दाबत जावे. फुंकर मारून सोल्युशन वाळवणारे पुष्कळ दिसतात, पण तोंडातील वाफेचा ओलावा त्यावर बसतो आणि ठिगळ कडेने सुटते.

हवेविषयीचा आपला अनुभव खरा आहे, पण ती गळती नव्हे. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. दुपारी ३० अंशांत ५० पौंड भरलेले टायर पहाटे १० अंशांत साधारण ४६ पौंड दाखवील आणि ऊन तापल्यावर पुन्हा मूळ पदावर येईल. चार पौंडांची घट साहजिक आहे. पंधरा-वीस पौंडांची असेल तर वॉलवर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या वॉलमध्ये रबराची बारीक नळी असते, ती दोन-चार रुपयांची वॉलट्यूब चिरली की अख्खी ट्यूब बदनाम होते. थंडीच्या दिवसांत हवा पहाटे निघण्यापूर्वी तपासावी, आणि किती भरावी हे दुकानदाराच्या अंगठ्यावर न सोडता टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यावरून ठरवावे.

प्रश्न : मी सेनगाव तालुक्यात आठवीत शिकते. मला शाळेतून सायकल मिळाली आहे. सकाळी तिचे ब्रेक लागतच नाहीत, शाळा सुटल्यावर लागतात. आजोबा म्हणतात ब्रेकला तेल घाल. घालू का?

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग, पण तेल मुळीच घालू नकोस. सायकल रात्री अंगणात उभी असते ना? मग तिच्या रिमवर दव पडते, आणि लोखंडाची चकचकीत रिम ओली असली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. निघण्यापूर्वी दोन्ही रिमा कोरड्या फडक्याने पुसायच्या, आणि रस्त्याला लागल्यावर पहिल्या शंभर पावलांत दोन-तीन वेळा हलकेच ब्रेक दाबून उरलेला ओलावा काढून टाकायचा. शक्य असेल तर सायकल रात्री ओसरीत किंवा पत्र्याखाली ठेव. ब्रेकची रबरे गुळगुळीत, काचेसारखी झाली असतील तर मोठ्या कुणाला तरी ती पॉलिश पेपरने घासून द्यायला सांग. आणि ब्रेकची मूठ दाबल्यावर ती हँडलला टेकत असेल, तर तार ढिली आहे, ती ओढून घ्यावी लागेल. मी तुझ्याएवढा असताना रिम चमकावी म्हणून तिला तेल लावून पुसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाने मला थांबवले, ब्रेकने नाही.

प्रश्न : मी शिक्षक असून माजलगाव परिसरात रोज नऊ किलोमीटर सायकलीने शाळेला जातो. सकाळच्या शाळेसाठी सहा वाजता निघावे लागते. कारखाने सुरू झाल्यापासून रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. डायनॅमोचा दिवा आहे. आणखी काय करावे?

उत्तर : आपला प्रश्न सायकलीपेक्षा रस्त्याचा आहे आणि आमच्या मते या अंकातील सर्वांत गंभीर आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहा वाजता निघणारा माणूस बहुतेक वाट अंधारात आणि झुंजूमुंजू उजेडात कापतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, मागच्या ट्रॉलीचे दिवे असलेच तर बाहेर लोंबणाऱ्या उसाने झाकलेले असतात, आणि बंद पडलेली ट्रॉली कडेला दगड लावून तशीच उभी असते. म्हणून आपल्याला दुसऱ्यांनी पाहावे याची सोय जितकी महत्त्वाची, तितकीच आपल्याला पुढचे दिसावे याचीही. डायनॅमोचा दिवा चाक थांबले की विझतो, म्हणजे वाहन येताना पाहून आपण कडेला थांबलात, की नेमक्या त्याच क्षणी अदृश्य होता. मागे बॅटरीवर चालणारा लाल दिवा हवाच. त्याशिवाय मागच्या मडगार्डवर चकाकणारी पट्टी आणि पायडलांना रिफ्लेक्टर लावावेत. वरखाली होणारे दोन ठिपके दुरूनही सायकलस्वार म्हणून ओळखू येतात, जे स्थिर ठिपक्याबाबत होत नाही. काळी शाल किंवा गडद स्वेटर वरून घालू नये. घालायचाच असेल तर त्यावर पांढरा सदरा चढवावा, दिसायला तो कसाही दिसो.

ट्रॉलीच्या मागे जवळ राहून वारा चुकवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण घसरून पडलेला ऊस अंधारात चाकाखाली आला तर तो रुळासारखा फिरतो. वळणावर ट्रॉलीला ओलांडू नये, मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते. आणि शिक्षक आहात म्हणून एक विनंती : चालत्या ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेणारी आणि ऊस उपसणारी मुले आपल्याच वर्गात असतील, त्यांच्याशी यावर एक तास बोलावे. अर्धा तास उशिरा निघण्याची मुभा शाळेकडून मिळाली, तर ती वरच्या सगळ्या उपायांपेक्षा सरस ठरेल.

प्रश्न : वय ६४, निवृत्त, लातूर. थंडीत सायकल चालवली की गुडघे दुखतात आणि छातीत गार हवा भरते. सायकल सोडावी का?

उत्तर : सोडण्यापूर्वी सीट पाहा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. गुडघा सरळ झाला पाहिजे. तो वाकलेलाच राहत असेल तर सीट खाली आहे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत या समजुतीने ती खालीच ठेवतात, आणि गुडघेदुखी थंडीच्या नावावर जाते. सीट एकदम न चढवता आठवड्याला बोटभर चढवत जावी. थंडीचे म्हणाल, तर ताशी २० किलोमीटरने चालणाऱ्या सायकलस्वाराला १० अंशांची हवा साधारण सात अंशांसारखी लागते, आणि ती लागते छातीला, हाताच्या बोटांना व कानांना. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे आणि त्यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी, ही दूधवाल्यांची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. मफलर नाकावरून घेतला तर आत जाणारी हवा थोडी उबदार होते. त्याचे टोक मात्र स्वेटरात खोचावे, चाकाच्या वाऱ्याला लागू देऊ नये. आपल्या वयात पहाटेचा हट्ट न धरता ऊन पडल्यावर निघावे. छातीत गार हवा भरणे म्हणजे दडपण, दुखणे किंवा धाप असेल, तर हा प्रश्न आम्हाला नव्हे, डॉक्टरांना विचारायचा आहे आणि तोवर सायकल उभी ठेवायची आहे.

प्रश्न : जालन्यात सव्वीस इंची सायकलसाठी सव्वीसचेच टायर घेतले, तरी ते रिमवर बसत नाही. फसवणूक झाली का?

उत्तर : बहुधा नाही. 'सव्वीस' या एका नावाखाली बाजारात किमान दोन वेगळी मापे विकली जातात. २६ × १ ३/८ या टायरच्या रिमचा बसण्याचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर जाड टायरच्या गियरवाल्या सायकलींच्या २६ × १.९५ चा ५५९ मिलिमीटर. तीन सेंटिमीटरचा फरक ताणून भरून निघत नाही. जुन्या टायरच्या कडेला ३७-५९० किंवा ५०-५५९ असा जोडआकडा शोधावा. त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे, इंचांकडे पाहू नये. वापरले नसेल तर दुकानदार बदलून देतील.

प्रश्न : मी नांदेडला नोकरी करते. यंदाच्या थंडीत सायकल सुरू केली आहे आणि तिची साधी देखभाल स्वतः शिकायची आहे. दुकानात विचारले तर 'ताई, तुम्ही कशाला हात काळे करता' असे ऐकावे लागते. सुरुवात कशाने करावी, काय विकत घ्यावे?

उत्तर : हात काळे झाले तर कोरडे बेसन आणि थोडे गोडेतेल चोळावे, साबणापेक्षा लवकर निघते, तेव्हा त्या आक्षेपाचे एवढेच उत्तर पुरे. विकत घेण्यासारखे फार नाही : हवेचा काटा असलेला पंप, पंक्चरचे साहित्य, टायर काढायच्या दोन पट्ट्या, १५ नंबरचा पाना, एक लहान ॲडजस्टेबल पाना, पेचकस, आणि सायकल नव्या पद्धतीची असेल तर ४, ५ व ६ नंबरच्या षट्कोनी एलन की. पकडीने नट फिरवू नये. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की मग कुणाचाच पाना चालत नाही.

सुरुवात खोलण्याने न करता ऐकण्याने करावी, असा आमचा आग्रह आहे. सकाळच्या शांततेत सायकल चालवताना जो आवाज येतो तो किती वेळाने येतो हे मोजावे. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा 'कट' होत असेल तर दोष पायडल, क्रँक (पायडल ज्याच्या टोकाला बसते ती भुजा) किंवा जुन्या सायकलीत कॉटर (क्रँकला आसावर घट्ट धरणारी खीळ) यांच्यापैकी कशात तरी आहे. पायडल थांबवल्यावरही आवाज चालू राहून चाकाच्या फेरीबरोबर येत असेल तर स्पोक, रिम किंवा मडगार्ड पाहावे. कॉटर ढिला असताना चालवत राहिलात तर क्रँकचे भोकच खराब होते, म्हणून हा एक आवाज पुढच्या रविवारवर टाकू नये. चाकाचा आऊट काढणे, म्हणजे डगमगणारी रिम सरळ करणे, आणि हबचे कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारे नट, बसवणे मात्र पहिल्या वर्षी कारागिरांकडेच द्यावे, आणि ते काम करत असताना शेजारी स्टूल घेऊन बसावे. हसणारा कारागीर तिसऱ्या खेपेला आपणहून दाखवू लागतो, असा माझा अनुभव आहे.

चेन किती झिजली हे मात्र आजच मोजून पाहा, त्याला काहीही खोलावे लागत नाही. इंचांच्या खुणा असलेली लोखंडी फूटपट्टी घ्या आणि चेनच्या वरच्या ताणलेल्या भागावर, एका पिनेचा मध्य शून्यावर येईल अशी धरा. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे नव्या चेनमध्ये शून्यावरची पिन सोडून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांच्या खुणेवर येते. ती खुणेच्या पुढे एक षोडशांश इंच गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांश गेली असेल तर झिजलेल्या चेनने दातेही खाल्लेले असण्याची शक्यता आहे, आणि अशा दात्यांवर नवी चेन टाकली तर ती उसळते. ज्यांची वाट कालव्याच्या कडेने जाते, त्यांनी ही मोजणी महिन्याला करावी, कारण रब्बीच्या पाळीचे पाणी रस्त्यावर आले की काळी माती चेनच्या आतवर जाते आणि वाळल्यावर कानशीसारखी काम करते.

शेवटी पायडलविषयी, कारण घरी शिकणाऱ्यांचा पहिला नट इथेच अडतो. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात आणि डाव्याचे उलटे, त्यामुळे डावे पायडल काढताना नेहमीच्या सवयीने जोर लावला तर ते आणखी घट्ट होते. पाना पायडलच्या दांड्यावर उभा, मूठ वर राहील असा धरावा आणि मूठ मागच्या चाकाकडे ओढावी; दोन्ही बाजूंना याच दिशेने ते सुटते. बसवताना आट्यांना ग्रीसचे बोट लावावे आणि सुरुवातीचे चार फेरे पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी द्यावेत. काढताना चेन दात्यांवर चढवलेली असू द्यावी, नाहीतर पाना सटकला की बोटांची सालपटे उघड्या दात्यांवर निघतात.